रस्त्यालगतचा बर्फ

परीक्षांचे वेळापत्रक हाती पडले, की पेणकरपाड्यात सहलींची बोलणी सुरू होतात. पांडुरंगवाडीपासून मिरागावाकडे पायी निघाले तरी वाटेत चार-पाच फलक लागतात: कुलू-मनाली, गुलमर्ग, गंगटोक-नथुला, चारधाम. फलक कुणाचाही असो, चित्र एकच असते. बर्फात हात उंचावून उभे असलेले हसरे कुटुंब. ही सहल म्हणजे चैन, असे कुणी हिणवू नये. वर्षभर लोकलमध्ये उभ्याने प्रवास करून, भिशी लावून, दिवाळीचा बोनस बाजूला ठेवून माणसे मुलांना बर्फ दाखवायला नेतात. ज्यांनी जन्मात खाडी आणि मिठागरेच पाहिली, त्या आजी-आजोबांना केदारनाथाचे दर्शन घडवतात. त्या आनंदाचे मोल आम्ही जाणतो. म्हणूनच सहली निघण्याआधी, पैसे भरले जात असतानाच, हे लिहीत आहोत.

हिमस्खलन हा सियाचेनवरच्या जवानांचा किंवा एव्हरेस्टवर जाणाऱ्या गिर्यारोहकांचा विषय, असे आपण धरून चाललो आहोत. आता तो तेवढ्यापुरता राहिलेला नाही. भाड्याचा लोकरी कोट आणि गमबूट चढवून रस्त्याकडेच्या बर्फात खेळणाऱ्या कुटुंबाचाही तो विषय झाला आहे, आणि त्या कुटुंबाला याची कल्पनाही नाही.

एप्रिल-मे महिन्यात मनालीच्या वरच्या अंगाला किंवा सिक्कीमच्या सीमेकडे गाडी जाऊ लागते, तेव्हा बहुतेक उतार तपकिरी आणि उघडे पडलेले असतात. गवताची कोवळी पाती दिसू लागतात. मधूनच एका नाळेच्या तोंडाशी, रस्त्याला अगदी लागून, बर्फाचा जाड ढीग दिसतो. चालक गाडी थांबवतो, मुले धावत सुटतात. आजूबाजूचा सारा बर्फ विरघळला असताना इथेच एवढा कसा शिल्लक राहिला, हे विचारायचे कुणाला सुचत नाही. जवळ जाऊन पाहिले तर या बर्फात काटक्या, माती, दगडगोटे, क्वचित देवदाराची मोडलेली फांदी अडकलेली दिसते. आभाळातून पडलेल्या बर्फात फांद्या नसतात. हा ढीग वरून घसरून आलेल्या बर्फाचा आहे. हिमस्खलन ज्या नाळेने उतरते ती नाळ वर्षानुवर्षे तीच राहते, आणि तिच्या तोंडाशी साठलेला थर जाड असल्यामुळे तोच सर्वांत उशिरा वितळतो. म्हणजे उन्हाळ्यात ज्या जागेला आपण ‘स्नो पॉइंट’ म्हणून गाठतो, ती अनेकदा हिमस्खलनाच्या वाटेचे शेवटचे टोक असते. वरच्या अंगाला, हजार-दीड हजार फुटांवर, तोच उतार अजून भरलेला असू शकतो. खाली उभ्या असलेल्याला तो दिसतही नाही.

नथुलाच्या रस्त्यावर नेमके हेच घडले. ४ एप्रिल २०२३. गंगटोकहून नथुला खिंडीकडे जाणाऱ्या जवाहरलाल नेहरू मार्गावर, पंधराव्या मैलाच्या आसपास, पर्यटक गाड्यांतून उतरून बर्फात गेले होते. दुपारी बाराच्या पुढे, साडेबाराच्या आत, वरचा उतार सुटला. सात जण गेले. लष्कराने आणि सीमा रस्ते संघटनेच्या माणसांनी उरलेल्यांना उकरून बाहेर काढले. त्या दिवशी परवाने तेराव्या मैलापर्यंतचेच होते, हे नंतर तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितले. पर्यटक आणि गाड्या पुढे गेल्या. तेराव्या मैलावर पुरेसा बर्फ नसावा, किंवा पुढे जास्त चांगला आहे असे कुणी सांगितले असावे. दोन मैलांचे अंतर, ‘थोडेसे पुढे’ एवढेच.

या घटनेतली तारीख आणि वेळ, दोन्ही नीट पाहायला हवी. एप्रिलचा पहिला आठवडा, भर दुपार. वसंतातल्या बर्फाचे गणित घड्याळावर चालते. थंडीत पडलेला बर्फ थराथराने साठतो, आणि सगळे थर सारखे नसतात. कडक थंडीच्या कोरड्या आठवड्यांत एखाद्या थराचे साखरेच्या दाण्यांसारखे सुटे स्फटिक होतात. ते एकमेकांना धरून राहत नाहीत. त्यांच्यावर पुढे जड थर पडत जातो. मार्च-एप्रिल येतो, दिवस तापू लागतो. रात्री आभाळ निरभ्र असेल तर वरचा भाग गोठून त्याचा टणक पापुद्रा होतो आणि पहाटे त्यावरून बेलाशक चालता येते. सकाळी ऊन आधी पूर्वेकडच्या उतारांवर पडते, मग दक्षिणेकडच्या, दुपारी पश्चिमेच्या. पापुद्रा मऊ पडतो, पाणी सुटते, ते आत झिरपते आणि खालच्या कच्च्या थरापाशी किंवा थेट खडकापाशी पोहोचते. धरून ठेवणारे काही उरत नाही. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार यासाठी सर्वांत वाईट. त्याहून सपाट जागी बर्फ सहसा सुटत नाही, त्याहून उभ्या कड्यावर तो फारसा साठतच नाही. ज्या रात्री ढग असतात आणि बर्फ गोठतच नाही, तिच्या दुसऱ्या दिवशी तर सकाळचाही भरवसा नाही.

ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला पन्नास ते शंभर किलो भरतो. वसंतातला ओला, घसरून दाबला गेलेला बर्फ त्याच्या पाच-सहा पट, कधी त्याहूनही जड. तो थांबला की जागच्या जागी घट्ट होतो. त्यात कमरेपर्यंत अडकलेला धडधाकट माणूसही स्वतःचा पाय सोडवू शकत नाही. हातांनी उकरायचे म्हटले तर नखे तुटतात. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर दहापैकी नऊ जण वाचतात. अर्धा तास उलटला की हे प्रमाण तिघांवर येते. मदतपथक कितीही तत्पर असले तरी अर्ध्या तासात तिथे पोहोचणे कठीण. जो काही जीव वाचायचा, तो शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातून वाचायचा. आणि त्याच्याजवळ फावडे नसते.

डोंगरातली माणसे हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. लाहौलमध्ये १९७९च्या मार्चमध्ये हिमस्खलनांनी दोनशेहून अधिक बळी घेतले. काश्मीरमध्ये वाल्टेंगू नाड हे गाव २००५च्या फेब्रुवारीत गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. तिथल्या म्हाताऱ्यांना कोणती नाळ कोणत्या महिन्यात सुटते, हे तोंडपाठ असते. आपल्याकडे ते ज्ञान नाही, नसणारच. समुद्रसपाटीला राहणाऱ्या माणसाने हिमालयाचा उतार वाचायला शिकावे, अशी अपेक्षा धरणे चुकीचे आहे. त्याने विश्वास टाकला तो सहल नेणाऱ्यावर. त्यामुळे प्रश्न त्याला विचारायचा.

सहलीचे कार्यक्रमपत्र उघडून पाहा. आमच्यासमोर अशी काही पत्रे आहेत. दिवस तिसरा: न्याहारीनंतर प्रस्थान, बर्फाच्या ठिकाणी धमाल, हवामान अनुकूल असल्यास. न्याहारी आठला सुरू होते, बस नऊला निघते, वाटेत कोट-बूट भाड्याने घेण्यासाठी थांबा, चहाचा थांबा, वाहतूककोंडी. बर्फापाशी पोहोचायला साडेअकरा-बारा वाजतात. ज्या वेळी जाणता माणूस उतारावरून खाली आलेला असतो, त्या वेळी आपली मुले तिथे खेळायला उतरतात. यात कुणाचा वाईट हेतू नाही. कार्यक्रम हॉटेलच्या न्याहारीच्या वेळेवर बेतलेला आहे, एवढेच. मात्र या बेतण्यातच जिवाला धोका आहे, आणि तो सहज टाळता येतो.

दुसरी ओळ पत्राच्या शेवटी, बारीक अक्षरांत असते. नैसर्गिक कारणाने कार्यक्रम बदलल्यास परतावा मिळणार नाही. ही ओळ आम्हाला बर्फाइतकीच घातक वाटते. ज्याने माणशी वीस-पंचवीस हजार मोजले त्याला, रस्ता बंद आहे म्हणून हॉटेलात बसा, असे सांगितले, की तो चिडतो. गट चालकावर दबाव आणतो. हंगामाचे दोन-तीन महिने कमावणारा चालक गिऱ्हाईक नाराज होऊ नये म्हणून आणखी एक वळण पुढे जातो. सहल-व्यवस्थापक तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा असतो. पन्नाशीतल्या काकांना ‘नाही’ म्हणायची त्याची हिंमत होत नाही. तेराव्या मैलाचा पंधरावा मैल होतो तो असा. ‘एवढ्या लांब आलोय, परत कधी येणार?’ हे वाक्य आपल्यापैकी कुणी उच्चारलेले नाही?

आता इशाऱ्यांकडे वळू. इशारा मिळाला नव्हता, हे कारण आता चालणार नाही. चंडीगडला संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेची एक प्रयोगशाळा आहे, डिफेन्स जिओइन्फर्मेटिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट. हिम आणि हिमस्खलन यांचा अभ्यास करणारी ‘सासे’ ही संस्था १९६९ पासून मनालीत काम करत होती. २०२० मध्ये तिचे या नव्या संस्थेत विलीनीकरण झाले. ही संस्था काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीम इथल्या डोंगरांसाठी हिमस्खलनाचे इशारे देते. जिल्हा आणि उंची सांगते, धोक्याची पातळी सांगते. इशारा प्रशासनाकडे जातो, वृत्तसंस्थांकडे जातो. तिथून पुढे काय होते, ते माणाने दाखवले.

बदरीनाथच्या पलीकडे माणा गावाजवळ २८ फेब्रुवारी २०२५च्या पहाटे सीमा रस्ते संघटनेच्या कामावरचे ५४ मजूर लोखंडी कंटेनरांत झोपलेले होते. हिमस्खलनाने कंटेनर उलटेपालटे केले. ४६ जणांना वाचवण्यात यश आले, आठ जण गेले. या दुर्घटनेच्या आदल्या संध्याकाळी पाच वाजता चंडीगडच्या संस्थेने चमोलीसह उत्तराखंडच्या पाच जिल्ह्यांत २,४०० मीटरच्या वरच्या भागासाठी चोवीस तासांचा इशारा दिलेला होता. कंटेनर त्या उंचीच्या कितीतरी वर होते. इशारा आणि झोपलेला मजूर यांच्यामध्ये एक अख्खी रात्र होती.

सरकारी यंत्रणेच्या आतल्या माणसांपर्यंतही कागद वेळेत पोहोचत नसेल, तर तो पेणकरपाड्याहून गेलेल्या कुटुंबापर्यंत कसा पोहोचावा? स्वित्झर्लंडमध्ये दावोसची हिमसंशोधन संस्था हिवाळ्यात रोज हिमस्खलनाचा अंदाज देते, तोही चार भाषांत. हॉटेलचा स्वागतकक्ष, रोप-वेचे तिकीटघर, रेडिओ, फोन, सगळीकडे तो दिसतो. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ नावाचे ॲप आहे. आपण असू त्या जागेचे इशारे त्यावर येतात, प्रादेशिक भाषांची सोय आहे, हिमस्खलनाचे इशारेही त्यात येतात. फुकट आहे. आमच्या ओळखीतल्या एकाही सहल-आयोजकाने गिऱ्हाइकाला ते ‘उतरवून घ्या’ म्हणून सांगितल्याचे आम्ही ऐकलेले नाही. कार्यक्रमपत्रात टोपी, मोजे, व्हॅसलीन, गोळ्या यांची यादी असते. या ॲपचे नाव त्या यादीत घालायला काय लागते?

दोन गोष्टींनी धोका अलीकडे वाढवला आहे. एक, रस्ते. ३ ऑक्टोबर २०२०ला अटल बोगदा खुला झाला. नऊ किलोमीटरच्या या बोगद्याने लाहौलच्या लोकांचे हिवाळ्यातले तुटलेपण संपवले, ही फार मोठी गोष्ट. रोहतांगची खिंड बंद झाली की आजारी माणसाला तिथून बाहेर काढणे किती अवघड होते, हे त्यांनाच विचारावे. पण त्याच बोगद्याने फेब्रुवारी-मार्चमध्ये मनालीचा पर्यटक अर्ध्या-पाऊण तासात लाहौलच्या उतारांखाली जाऊन उभा राहू लागला. पूर्वी हिवाळाभर बंद असलेली खिंडच त्याला अडवत होती. दुसरी गोष्ट हवामानाची. २०२४च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडे ठणठणीत होते, उघड्या गवताची छायाचित्रे देशभर फिरली. बर्फ आला तो फेब्रुवारीत, एकदम. आणि २२ फेब्रुवारीला गुलमर्गच्या उतारावर हिमस्खलन होऊन एक रशियन स्कीपटू मरण पावला. पश्चिमी विक्षोभ उशिरा येऊ लागले, तर ताजा, न बसलेला बर्फ उन्हाळी सुट्टीच्या जवळ पडणार. सहलींचा हंगाम आणि बर्फाचा वाईट हंगाम एकमेकांवर येत चालले आहेत.

चारधामाचे वेगळे लिहायला हवे, कारण तिथे जाणारी माणसे सहसा साठीच्या पुढची असतात. केदारनाथाचे देऊळ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. गौरीकुंडापासूनच्या पायवाटेवर लिंचोलीच्या पुढे भैरव आणि कुबेर या हिमनाळा आडव्या येतात, आणि दार उघडते तेव्हा दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती कापून वाट केलेली असते. २०२३ मध्ये २५ एप्रिलला दार उघडले आणि मेच्या पहिल्या आठवड्यातच कुबेर हिमनाळेपाशी बर्फ घसरून वाट बंद पडली. त्याच वर्षी जूनच्या सुरुवातीला हेमकुंड साहिबच्या वाटेवर, अटलाकोटीपाशी, बर्फ सरकला आणि एका यात्रेकरू महिलेचा जीव गेला. जून महिना होता. आपल्याकडे त्या दिवसांत छत्र्या दुरुस्तीला देतात. पहिल्या दिवसाच्या दर्शनाचे पुण्य मोठे, ही श्रद्धा आम्ही समजू शकतो. तरी ज्यांच्या घरातले वडीलधारे जाणार आहेत, त्यांनी पहिले दोन-तीन आठवडे सोडून पुढची तारीख घ्यावी, असे आम्ही हात जोडून सांगतो. देव तिथेच असतो.

तरुणांचे जग निराळे. मे महिन्यात कसोलच्या तळावरून सर पासला जाणाऱ्या तुकड्यांत मराठी बोलणे सर्रास ऐकू येते. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिकची पोरे. यूथ हॉस्टेल्सने ही वाट कित्येकांना खुली करून दिली आणि हिमालयाची पहिली ओळख स्वस्तात घडवली, हे त्यांचे ऋण आहे. वरच्या तळावरून वाटाडे अंधारात, टॉर्च लावून निघायला लावतात, तेव्हा नवी मुले कुरकुरतात. ती अंधारातली वेळच त्यांना वाचवत असते. बर्फ तेव्हा टणक असतो. खिंडीपलीकडे बर्फावर बसून घसरत उतरायचे, ही या ट्रेकची सर्वांत लाडकी गोष्ट, सगळ्यांच्या फोनमध्ये तिचे चित्रण असते. तो उतार सुरक्षित आहे की नाही, हे वाटाड्या त्या दिवशीचा बर्फ पाहून ठरवतो. पण अशा नावाजलेल्या संस्थांच्या बरोबरीने आता फोनवरून तुकड्या जमवणारे कितीतरी आयोजक उभे राहिले आहेत. त्यांच्यापैकी किती जणांकडे प्रशिक्षित माणूस आहे, किती जणांकडे गाडलेल्याचा ठाव सांगणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून पाहायची लांब सळी आणि फावडे आहे? ही तीन साधने एकत्र असली तरच पहिल्या पंधरा मिनिटांना अर्थ असतो.

अनुभव आणि प्रशिक्षण असले तरी डोंगर सवलत देत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून त्रिशूल शिखरासाठी नौदलाची मोहीम निघाली. १ ऑक्टोबरला त्यातले गिर्यारोहक हिमस्खलनात सापडले आणि परतले नाहीत. पुढच्याच वर्षी, ४ ऑक्टोबर २०२२ला, उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी ‘द्रौपदी का डांडा २’ या शिखराजवळ गाडले गेले. २७ मृतदेह हाती आले. त्यांत सविता कंसवाल होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन शिखरे सोळा दिवसांत सर करून आलेली मुलगी. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ने २०१२ मध्ये एव्हरेस्ट आणि २०२१च्या एप्रिलमध्ये हिमस्खलनांसाठी कुप्रसिद्ध असलेले अन्नपूर्णा शिखर गाठले. त्या मोहिमांची वर्णने वाचली तर एक गोष्ट ठळक दिसते: वाट पाहणे. तळावर बसून दिवसचे दिवस काढणे, बर्फ बसू देणे, रात्री निघणे, नाही जमले तर परत फिरणे. सात रात्री-आठ दिवसांच्या सहलीत या वाट पाहण्याला जागाच ठेवलेली नाही.

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांना हिमस्खलन हा शब्द तारेतून आणि दूरचित्रवाणीवरून कळला, तो जवानांमुळे. ३ फेब्रुवारी २०१६ला सियाचेनच्या सोनम ठाण्यावर दहा जवान गाडले गेले. त्यांत साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते. बारमाही पाण्याच्या टंचाईचा तालुका, आणि त्याचा मुलगा बर्फाखाली गेला. पुढच्या वर्षीच्या जानेवारीत काश्मीरच्या गुरेझमध्ये १४ जवान गेले, त्यांतही महाराष्ट्रातले होते. ती माणसे आज्ञेवरून तिथे उभी होती, जागा सोडायचे स्वातंत्र्य त्यांना नव्हते. आपल्याला आहे.

पावसाळ्यातला डोंगर काय करू शकतो, हे महाराष्ट्राला शिकवायची गरज नाही. माळीण २०१४ मध्ये, तळिये २०२१ मध्ये, इर्शाळवाडी २०२३ मध्ये. प्रत्येक वेळी इशारा, नकाशे, पुनर्वसन यांवर बोलणे झाले, आणि सावकाश का होईना, अतिवृष्टीच्या रात्री दरडीखालची वस्ती हलवायची असते हे प्रशासनाच्या अंगवळणी पडू लागले आहे. भुशी धरणाजवळच्या धबधब्यात २०२४च्या जूनअखेरीस एकाच कुटुंबातली माणसे वाहून गेली, तेव्हापासून धबधब्यांवरच्या बंदोबस्ताकडे तरी लक्ष गेले. आपल्या डोंगरात आपण जे शिकलो, ते आपल्या माणसांसोबत राज्याबाहेर जात नाही, ही आमची तक्रार आहे.

राज्य सरकारने २०२१च्या ऑगस्टमध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, प्रशिक्षित माणसे आणि सुरक्षेची साधने ठेवावीत, असे त्यात आहे. धोरण चांगले आहे. ते राज्यात चालणाऱ्या उपक्रमांसाठी आहे. मात्र महाराष्ट्रात कार्यालय थाटून, महाराष्ट्रातल्या माणसांकडून पैसे घेऊन, त्यांना हिमरेषेच्या वर नेणाऱ्या आयोजकालाही याच चौकटीत आणले पाहिजे. गिऱ्हाईक इथले, पावती इथली, तर जबाबदारीही इथेच नोंदवली जावी. त्या नोंदणीची पहिली अट अशी असावी, की हिमस्खलनाच्या इशाऱ्यामुळे दिवस रद्द झाला तर पर्यायी कार्यक्रम किंवा त्या दिवसाचा परतावा मिळेल. पैसे बुडत नाहीत हे कळले, की ‘थोडे पुढे’चा हट्ट निम्म्याने कमी होईल. आयोजकांना यात तोटा दिसेल. त्याचे गणित त्यांनी विमा कंपन्यांशी बसून सोडवावे. दर माणशी चार-पाचशे रुपयांनी वाढले तरी पेणकरपाड्यातले कुटुंब ते देईल, कशासाठी ते समजावून सांगितले तर.

मिरा-भाईंदर महापालिकेकडे आपत्ती व्यवस्थापनाचा विभाग आहे. पावसाळ्याआधी तो धोकादायक इमारतींच्या याद्या लावतो, काशीमिऱ्याच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांना नोटिसा देतो. मार्चअखेर त्याच विभागाने शहरातल्या सहल-आयोजकांना एकदा बोलवावे आणि ‘सचेत’चा वापर, इशाऱ्याच्या पातळ्या, बर्फाच्या दिवसाची वेळ या गोष्टी समोर बसवून सांगाव्यात. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाकडे हे शिकवू शकणारी माणसे आहेत. महाविद्यालयांनी ट्रेकला जाणाऱ्या मुलांसाठी त्यांनाच बोलवावे. खर्च एका सभागृहाचा आणि चहाचा.

पहिल्या गाड्या एप्रिलच्या मध्यावर सुटतील. ज्यांचे आरक्षण झाले आहे, त्यांनी या आठवड्यात आयोजकाला फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात: बर्फाच्या दिवशी हॉटेलातून किती वाजता निघायचे, आणि त्या दिवशी इशारा असला तर आपण कुठे जायचे. पहाटे पाचला निघून अकराच्या आत परत, असे उत्तर हवे. न्याहारी बांधून घ्यावी, मुलांना गाडीत झोपू द्यावे. काटक्या-माती मिसळलेल्या बर्फाच्या ढिगापाशी गाडी थांबवू लागले तर थांबू देऊ नये, फोटो पुढच्या मोकळ्या सपाटीवर काढावा. चालक ‘आज पुढे नको’ म्हणाला, तर गटातल्या वडीलधाऱ्याने सर्वांत आधी त्याची बाजू घ्यावी आणि त्या दिवसाची त्याची बक्षिसी कापू नये. एकट्या कुटुंबाने विचारले तर आयोजक टोलवाटोलवी करील. बसमधली दहा कुटुंबे आधीच एकमेकांना ओळखत असतात, एकाच इमारतीतली, एकाच मंडळातली असतात. त्यांनी मिळून विचारले तर कार्यक्रमपत्र त्याच दिवशी बदलून येईल.